मामांच्या गालाची स्लाइड

भूत, भानामती, करणी... यातलं मी कधीच काही मानलं नाही. उलट गावोगावच्या शाळांत जाऊन बाबा-बुवांचे चमत्कार रसायनांनी करून दाखवणारा माणूस मी. म्हणून हे लिहायला तीन वर्षं लागली.

देवगाव फाट्यापासून जवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. त्या दिवशी दुपारी नववीचं प्रात्यक्षिक होतं – अभिस्तर ऊती, म्हणजे शरीरातल्या अस्तराच्या पेशी. गालाच्या आतून टूथपिकने हलकं खरवडायचं, काचपट्टीवर निळा रंग टाकून बघायचं. फरशा बसवल्यासारख्या चपट्या पेशी दिसतात. पोरं लाजत होती, तेव्हा आमचे शिपाई मामा पुढे आले. "घ्या सर, माझा गाल घ्या."

मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं... चपट्या पेशी नव्हत्याच. उंच, खांबासारख्या पेशी, वर बारीक केसांची झालर. रोमक अभिस्तर! ही श्वासनळीत असते, धूळ आणि कफ वर ढकलते. गालात असूच शकत नाही. आणि ते केस हलत होते – वाऱ्यावर ज्वारी डुलते तसे, सगळे एकाच दिशेने. तेही रंगात बुडालेल्या, मेलेल्या पेशींचे!

दुसऱ्या गालाची, नव्या काडीने, स्लाइड केली. तेच. माझ्या स्वतःच्या गालाची केली – साध्या फरशा.

शेजारच्या वर्गावरच्या मॅडमना बोलावलं. त्यांनी डोळा लावला आणि लगेच मागे सरकल्या. "सर... हे हलायलंय."

"मामा, खोकला वगैरे?" मी विचारलं.

"न्हाई सर. ठणठणीत हाय. काय दिसलं?"

"काही नाही. सगळं ठीक आहे."

पोरांना मी पुस्तकातली आकृती काढायला लावली. काय सांगणार होतो? लोकांना विज्ञान सांगणारा मीच असं बोललो तर हसतील, एवढंच डोक्यात होतं.

अडीच महिन्यांनी मामांचा आवाज बसला, मग धाप लागायला लागली. परभणीला दाखवलं. श्वासनळीच्या अस्तरातच गाठ होती. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय.

भेटायला गेलो तर मामांनी माझा हात धरला. बोलायला दम पुरत नव्हता. "सर... त्या दिवशी तुमी लय घाबरले होते. मला दिसलं होतं. तवाच सांगायचं होतं ना."

मला मान वर करता आली नाही. आठवड्याने मामा गेले.

नंतर एका ओळखीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, खोकून वर आलेल्या पेशी असतील. पण मामांना खोकला नव्हता. आणि रंगवलेल्या पेशी हलत कशा होत्या, यावर ते नुसते हसले.

परवा मॅडमना विचारलं, तुम्हाला आठवतं ना? त्या वही तपासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी काहीच पाहिलं नव्हतं सर."

काय होतं ते... मला आजही माहीत नाही.