पांढऱ्या पट्ट्याची डपी-बॅट

ट्रिलॉनी परगण्याच्या डोंगरात, आमच्या गावी, मिस व्हर्नेताच्या हातची बॅमी सगळ्यांना ठाऊक होती. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिस म्हणतात. कसाव्याच्या कंदाचा कीस पिळून ती ही जाड भाकरी तव्यावर भाजायची आणि शनिवारी टोपली घेऊन बाजारात बसायची. कोणी भाव पाडून मागितला तर म्हणायची, "घरी जा, आरशासमोर घासाघीस कर."

नवरा लिंटन वारला त्या वर्षापासून तिच्या ओसरीत, दाराच्या चौकटीवर, एक डपी-बॅट बसू लागली. आमच्याकडे पतंगाला बॅट म्हणतात. खरं वटवाघूळ ते रॅटबॅट. आणि डपी म्हणजे मेलेल्या माणसाचा आत्मा. हा पतंग तळहाताहून मोठा, काळपट तपकिरी, पुढच्या पंखावर नऊच्या आकड्यासारखा डाग. दिवसभर भिंतीला चिकटलेला. दर वेळी तोच यायचा की दुसरा, हे कोणी पाहत नव्हतं. गावाच्या मते तो लिंटन होता. व्हर्नेताही झाडता झाडता "सरक, लिंटन," म्हणायची आणि पिकून काळं पडलेलं केळं त्याच्यासाठी कठड्यावर ठेवायची.

ओबी गवंडी तिच्याच चर्चचा, एकटा माणूस. त्याने तिच्या पाण्याच्या टाकीची गळती बुजवली, स्वयंपाकघरात नवा ओटा घातला आणि मग लग्नाचं विचारलं. व्हर्नेताने हनुवटीने चौकट दाखवली. "तो बसलाय ना तिथे. त्याच्यादेखत कसं बोलू?" ओबीने टोपी काढली, वर पाहिलं आणि निघून गेला. पुढेही तो विचारत राहिला आणि ती चौकट दाखवत राहिली.

ईस्टरच्या सुट्टीत तिची भाची कॅमिल आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. खुर्चीवर चढून तिने पतंग नीट पाहिला.

"मावशी, ही बाई आहे."

"कोण बाई?"

"ही बॅट. दोन्ही पंखांवरून आरपार गेलेला पांढरट पट्टा बघ. तो मादीलाच असतो, नर नुसता काळपट. रात्रीच्या पतंगांचं मोठं कूळ आहे, त्या कुळाचं नावच अंधारावरून पडलंय. त्यातली ही मादी."

कुंपणापलीकडे शेजारीण सिसलिन कपडे वाळत घालत होती. "अगं बाई! मेल्यावर लिंटन परकर घालायला लागला की काय?"

"गप गं, सिसलिन."

"मग तुझी सासू असेल. सुनेचं घर तपासायला आली."

"सासू असती तर केळ्याला नावं ठेवली असती," व्हर्नेता म्हणाली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. रविवारी चर्च सुटल्यावर ओबी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात नीरफणस घेऊन ओसरीत उभा राहिला.

"व्हर्नेता, वर तुझा नवरा नाही. आता सांग."

तिने सवयीने वर पाहिलं, पण हनुवटी हलली नाही. तिने हातातल्या फडक्याची घडी केली.

"ओबी, लिंटनने मला कधी अडवलं नव्हतं. ‘नाही’ मीच म्हणत होते. तोंडावर म्हटलं तर तू यायचा बंद होशील, म्हणून त्याला पुढे केलं."

"म्हणजे नाहीच?"

"लग्न नाही. एका माणसाचे मोजे जन्मभर धुतले, तेवढे पुरे."

"माझे मोजे मी धुतो."

"म्हणून तर तुझ्या घरी तुझं छान चाललंय."

ओबीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तो पायरीकडे वळला आणि थांबला. "हा फणस परत नेऊ?"

"ठेव की. राजमा-भात शिजलाय, फणस भाजून होईल. जेवून जा."

"आणि पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी मी काय उपाशी राहणार आहे?"

ओबीने टोपी खुंटीला अडकवली, बाह्या दुमडल्या आणि परसात चूल पेटवायला गेला.