राखून ठेवलेली झील

मेव्हण्याशी भांडायला म्हणून मी घरातून निघालो, तेव्हा पिशवीत एक जोड कपडे, स्वेटर आणि बीपीच्या गोळ्या एवढंच घेतलं होतं. शनिवारी जायचं, संध्याकाळी काय ते बोलायचं आणि रविवारी दुपारच्या गाडीनं परत. यात लिहिण्याजोगं काही घडेल असं वाटलं नव्हतं.

भांडण कशाचं ते आधी सांगतो. माझी बायको कमल करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. त्यानंतर मी चर्चची पायरी चढलो नाही. देवावर माझा राग होता आणि तो मी कुणापासून लपवलाही नाही. पुण्यातले आमचे पाळक (चर्चचे धर्मगुरू) काही दिवस येत राहिले, मग दमले. दमला नाही तो कमलचा भाऊ शमुवेल. सोनईच्या पुढे एका वाडीत त्याची शेती आहे. दर रविवारी उपासना सुटली की त्याचा फोन ठरलेला. ‘चर्चला जात जा’ असं चुकूनही म्हणणार नाही. आज कोणतं भजन घेतलं, कांद्याला पाणी मिळालं का, मार्थानं काय रांधलं, एवढं सांगणार आणि ठेवून देणार. मी उचलला नाही तर शेजारच्या जोशीकाकूंना फोन करून माझी खबर काढणार. शिवाय पुण्याला येणारा कुणीही सापडला की त्याच्या हाती पिशवी. कधी बाजरी, कधी लसणाची जुडी, कधी हुरडा. समोरचा माणूस पळतोय हे दिसत असताना त्याच्या इतकं मागे लागू नये, असं माझं मत. फोन बंद आणि पिशव्याही बंद, हे त्याला तोंडावर सांगायचं ठरवून मी निघालो.

जानेवारीतली सकाळ होती. माझी सगळी नोकरी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे बसमध्ये बसलो की मला बाहेरचं काही दिसण्याआधी इंजिनाचा आवाज ऐकू येतो. ही गाडी बरी होती, फक्त ड्रायव्हर गिअर उशिरा टाकत होता. शिरूर मागे टाकून घोड नदी ओलांडली की जिल्हा बदलतो आणि ते पाटी न वाचताही कळतं. माळ सुरू होतो, झाडं बुटकी होतात, वारा कोरडा लागतो. सुप्याच्या पुढे टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यातल्या निम्म्या फिरत होत्या.

शेजारच्या सीटवर घोडेगावची एक बाई होती. लेकीचं बाळंतपण करून परत चालली होती. तिनं आधी स्वतःची सगळी हकीकत सांगितली आणि मग माझी चौकशी सुरू केली.

“कुठवर जानार तुमी?”

“सोनईच्या पुढे.”

“कोन हाय तिथं?”

“मेव्हणा आहे. भांडायला चाललोय.”

मला वाटलं, आता तरी ती गप्प बसेल. तिनं माझ्या पिशवीकडे पाहिलं. “आन् नेताय काय त्यास्नी?”

“भांडायला जाताना काय न्यायचं?”

“रिकाम्या हातानं सोयऱ्याच्या दारात जात्यात व्हय कुनी? भांडा की, पर पेढं तरी न्या.”

केडगावला गाडीचं पुढचं चाक बसलं. सगळे खाली उतरले आणि मी सवयीनं चाकापाशी जाऊन उकिडवा बसलो. जॅक जरा मागे घ्या, असं मी ड्रायव्हरला सांगितलं. “व्हय काका,” तो म्हणाला आणि जॅक होता तिथेच ठेवून त्यानं व्यवस्थित चाक बदललं. निवृत्त माणसाचं हे असंच होतं. रस्त्याच्या कडेला पेरूवाली बसली होती, तिच्याकडून तिखटमीठ लावलेला पेरू घेतला आणि उन्हात उभा राहून खाल्ला. कमलला पेरू आवडायचा. इतक्या दिवसांनी पेरू खाताना ते आठवलं आणि पुढे तो गोड लागेना.

नगरच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. मधल्या वेळात मी पेढे घेतले. त्या बाईनं लांबून खोका पाहिला आणि मला पास केल्यासारखी मान हलवली.

घोडेगावला ती उतरली. तिथून गाडी हमरस्ता सोडून आत वळते आणि पाहता पाहता रंग पालटतो. कालव्याचं पाणी आलेला हा भाग. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच कांद्याच्या हिरव्यागार लागवडी, बांधावर ऊसतोड्यांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या). दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर ऊस लादून, मोठ्यानं गाणी लावून, फॅक्टरीकडे रांगेनं चाललेले. आमची बस त्यांच्यामागे बैलगाडीच्या चालीनं जात होती. तुम्ही या दिवसांत या रस्त्यानं आलात तर घाई घरी ठेवून या.

सोनईच्या स्टँडवर शमुवेल मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याचा फोन आला तेव्हा शनिवारी येतो एवढंच मी बोललो होतो, कोणत्या गाडीनं ते कळवलेलं नव्हतं.

“कधीचा थांबलास?” मी विचारलं.

“आत्ताच आलो, दाजी,” तो म्हणाला. पानटपरीवाला आतून म्हणाला, “सकाळधरनं हाय त्यो हितं. परत्येक गाडी बघून झाली.” शमुवेल ओशाळून हसला आणि माझी पिशवी हँडलला अडकवली. मला खरं तर चीड यायला हवी होती.

वाडीत पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. मार्थावहिनींनी शेंगोळी केली होती (हुलग्याच्या पिठाची कडबोळ्यांसारखी वेटोळी, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेली). त्यांची सून रूथ भाकरी थापत होती. ती संगमनेरकडची, लग्न होऊन आली तेव्हा मी दुःखात असल्यामुळे आलो नव्हतो. आमची ही पहिलीच भेट. ती मला मामा म्हणाली, चुलीजवळ ऊब आहे तिथे पाट मांडला. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, ते लसणाचं.

पोटभर जेवल्यावर भांडण काढणं जड जातं, म्हणून मी दुसऱ्या भाकरीलाच सुरुवात केली.

“शमुवेल, तुला एक सांगायला आलोय. आता फोन करत जाऊ नकोस. पिशव्या पाठवू नकोस. तुझं मन मोठं आहे हे मला कळतं. पण मला ते सगळं नको झालंय. मला माझं एकटं राहू दे.”

शमुवेलनं रश्श्याची वाटी खाली ठेवली.

“बरं,” तो म्हणाला. “न्हाई करनार.”

“आणि उद्या उपासनेलाही येणार नाही.”

“बरं.” त्यानं माझ्या वाटीत रस्सा वाढला. “दाजी, ती माझी बी भैन हुती. मला तुमाला फोन केला की ती गेल्यागत वाटत न्हाई. तेवढंच माझं हुतं त्यात. पर न्हाई करनार.”

मग त्यानं वहिनींना मला आणखी एक भाकरी वाढायला सांगितलं. भांडण इतक्यात संपलं. मी जिंकलो होतो आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

आता झील म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या लोकांत टाळ-तबल्यावर भजनं म्हणायची जुनी रीत आहे. पुढे एक बुवा गातो आणि मागे साथीदार त्याची ओळ उचलतो. त्या साथीला झील धरणं म्हणतात. लग्नानंतर मी तालुक्याच्या डेपोत असताना वाडीतच राहायचो, आणि शमुवेल बुवा तर मी झीलकरी, अशी आमची जोडी होती. पुण्याला गेल्यावरही महिन्यातल्या एका रविवारी कमलला घेऊन मी यायचो. वाडीतल्याच कुणी जुन्या माणसानं बांधलेलं एक भजन होतं, त्यात बुवा देवाच्या तोंडचं गातो: “कुठं रे लेकरा, कुठं रे तू?” आणि झीलकरी उत्तर देतो: “आलो, देवा, आलो.” बाकी काही भजनं सगळे मिळून म्हणायचे, पण ही झील एकट्याची, माझी.

रविवारी सकाळी घरची सगळी मंडळी आवरून देवळात गेली (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात). मी परसात होतो, ती घराला कुलूप लावून गेली हे मला मागाहून कळलं. मी ओट्यावर बसलो. ओटा सावलीत, स्वेटर घरात आणि हवेत बोचरा गारठा. समोर चौकापलीकडे देऊळ, आणि वाडीतलं पहिलं ऊन नेमकं त्याच्या पायरीवर पडलेलं. थोडा वेळ मी तग धरला. मग उठलो आणि जाऊन पायरीवर बसलो. आत जायचं नव्हतं, नुसतं ऊन घ्यायचं होतं. बाजूला चपलांचा ढीग होता.

आत प्रार्थना झाली, वाचन झालं. मग तबला लागला आणि शमुवेलनं तेच भजन धरलं. आवाज थकलाय त्याचा, पण सूर जागेवर होता. “कुठं रे लेकरा, कुठं रे तू?” ओळ संपली आणि पुढे कुणीच काही म्हणालं नाही. नुसता तबला तेवढ्या मात्रा वाजत राहिला. मग शमुवेलनं पुढचं कडवं घेतलं. मला वाटलं, साथीदार चुकला.

दुसऱ्या कडव्याला पुन्हा तेच. मी मान वळवून दारातून आत पाहिलं. लहान मुलं पुढे सतरंजीवर बसली होती. त्या जागेवर येताच सगळ्यांनी एकदम डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवला. मोठी माणसंही मान खाली घालून गप्प. चुकलेलं कुणी नव्हतं. सगळ्यांना ते भजन असंच पाठ होतं.

तेव्हा मला उमगलं. मी यायचं बंद केल्यापासून शमुवेलनं माझी ओळ कुणाला दिली नव्हती. दर रविवारी तो तिथपर्यंत यायचा, थांबायचा, माझ्यापुरती जागा सोडायचा आणि पुढे जायचा. आणि नंतर आलेल्यांना वाटलं, गाण्यात ती शांतताच आहे. मी पुण्यात रागावून बसलो होतो, तेवढा सगळा काळ इथे देव दर रविवारी मला विचारत होता आणि अख्खी वाडी माझ्या उत्तरासाठी गप्प राहत होती. मला रडू आलं. पायरीवर, चपलांच्या शेजारी, मी लहान पोरासारखा रडलो.

तिसऱ्या कडव्याला शमुवेलनं विचारलं, “कुठं रे तू?” आणि मी तोंड उघडलं. थंडीत बरेच दिवस उभी असलेली गाडी चालू करताना जसा आवाज निघतो, तसा माझ्या गळ्यातून निघाला. “आलो,” एवढंच आधी आलं. मग, “देवा, आलो.”

दाराशी बसलेल्या रूथनं चटकन मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. बिचारीला वाटलं, पाहुण्याला रीत ठाऊक नाही. हळूच म्हणाली, “मामा, तितं गप बसायचं असतंय.”

आत तबला अडखळला. शमुवेलनं पुढचं कडवं घेतलं नाही. तीच ओळ पुन्हा म्हटली आणि पुन्हा थांबला. मी चपला काढल्या, आत गेलो आणि उभ्यानं झील धरली. या वेळी सूर बराचसा सापडला.

उपासनेनंतर रूथ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. चेहरा एवढासा झालेला.

“मला कुनी सांगितलंच न्हाई, मामा. मला वाटलं, देवानं इचारलंय तर ज्यानं त्यानं मनात उत्तर द्यायचं, म्हनून ती जागा ठिवलीय. मी रविवारच्या शब्बाथ शाळेत पोरास्नी तसंच शिकवलं.”

“काही चुकलं नाही तुझं,” मी म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो.

शमुवेल डोळे पुसत जवळ आला. तिचं म्हणणं त्यानं ऐकलं होतं. जरा विचार करून तो म्हणाला, “असं करू. एक डाव गप ऱ्हायचं, पोरं डोळं मिटतील. मंग वळ परत घ्यायची आन् झील धरायची. तिचं बी राहील, तुमचं बी.” मग खाली पाहत म्हणाला, “पर त्ये बसवाया चार-पाच रविवार जातील, दाजी.”

दुपारच्या गाडीला त्यानं मला बसवलं तेव्हा माझ्या पायाशी दोन पिशव्या होत्या, एक कांद्याची, एक हुरड्याची. पिशव्या बंद करायला आलेला माणूस दोन्ही हातांनी ओझं घेऊन परत चालला होता. परतीच्या वाटेवर तेच ट्रॅक्टर, तोच माळ, त्याच पवनचक्क्या. आपण देवापासून लांब पळालो असं इतके दिवस मी समजत होतो. पण मी मुक्काम बदलला होता, एवढंच. मागे येणारा पिशव्या आणि फोन घेऊन येतच राहिला, आणि तो शमुवेलच्या पायांनी येतोय हे मला ओळखता आलं नाही. कमलची आठवण तशीच दुखते. राग पुरता गेला असंही म्हणवत नाही. पण आता तो घेऊन देवळात जाता येईल, असं मला वाटतं.

पुढच्या रविवारी शमुवेलचा फोन आला नाही. दिलेला शब्द पाळणारा माणूस. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी मीच नंबर लावला. इतक्या काळात मी त्याला लावलेला तो पहिला फोन. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

“दाजी? कुठं हाय तुमी?”

मागे कंडक्टर बेल मारत होता, माझ्या मांडीवर पेढ्यांचा खोका होता.

“आलो,” मी म्हणालो.