भियाला विचारा

इंदूरच्या पलासिया भागातल्या ऑफिसात मानस दिघेने दोन वर्षं खपून कोड वाचायचं सॉफ्टवेअर बनवलं. कोडमधल्या एखाद्या फंक्शनवर क्लिक केलं की ते कुठून आलंय, कुठे कुठे वापरलंय ते दिसायचं. पण इंदूरचा माणूस नकाशा उघडत नाही, गाडीची काच खाली करून पानवाल्या 'भिया'ला, म्हणजे भाऊला, पत्ता विचारतो. ऑफिसातही सगळे खुर्चीतूनच हाका मारत, "मानस भिया, ये कहाँ से आ रहा है?"

"कोणी वापरत नसेल तर बंद करू," साहेब म्हणाले.

थकलेल्या मानसने एक बटण जोडलं: 'भियाला विचारा'. दाबलं की तो कोड शेवटी कोणी बदलला त्याचं नाव येई. बटण धडाक्यात चाललं, सॉफ्टवेअर बंद होण्यापासून वाचलं. फक्त, बहुतेक कोड मानसनेच बदललेला होता. आता त्याच्या टेबलापाशी रांग लागली.

"बोल भिया," चहा बाजूला सारत तो पहिल्याला म्हणाला.