पंचमावरून किती खाली?

आज सकाळी राव सर गेले, आणि आमचं भांडण अर्धवट राहिलं.

दुपारी स्मशानातून आलो, आंघोळ केली, पण घरात बसवेना. फॅक्टरीत फोन लावून सुपरवायझरवर उगाच ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "सार, आज लीव्ह घ्या."

म्हणून आता रात्री लिहितोय. हात कुठेतरी गुंतायला हवा.

सर म्हणजे वेस्ट मांबलममधल्या आमच्या बिल्डिंगचे तळमजल्यावरचे. मूळ तंजावरची मराठी माणसं, कैक पिढ्या इकडेच. आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं.

मी सांगलीकडचा, आयटीआयवाला. ओरगडमला फिटर म्हणून आलो, आता इरुंगाट्टुकोट्टैला स्वतःचं छोटं मशीन शॉप आहे.

ओळख झाली पाण्याच्या पंपामुळे. जिन्यात उभं राहून मी म्हटलं, याचं बेअरिंग जाणार. आठवड्यात गेलं.

सर माझ्या दारात. "आवाजावरून कळलं?"

म्हटलं, मशीन आधी कानाला सांगतं, मग हाताला.

ते माझ्या कानांकडे असे बघत राहिले, जणू विकतच घ्यायचेत. त्यांचे स्वतःचे चालले होते. हिअरिंग एड लावूनही अर्धं बोलणं ओठांवरून ओळखायचे.

मग संध्याकाळची फिल्टर कॉफी त्यांच्याकडे ठरलेली. कॉफीबरोबर शोधांच्या गोष्टी. एकजण प्रार्थनेला गेला आणि झुलत्या दिव्याकडे बघत स्वतःची नाडी मोजत बसला म्हणे. दुसरा तोफा कोरून घेत होता. घासून घासून भोवतीचं पाणी उकळलं, तेव्हा त्याने विचारलं, ही उष्णता संपत कशी नाही?

मी म्हटलं, सर, लोखंड कोरताना, बोअरिंगला, आमचे हात रोज भाजतात.

"अस्क्यांचेच भाजतात, कदम. तो एकटा थांबला." अस्क्यांचे म्हणजे सगळ्यांचे. त्यांची मराठी अशी जुनी, गोड.

पण त्यांची लाडकी गोष्ट आगगाडीची.

आवाज करणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर सूर चढा लागतो, पुढे निघून गेली की उतरतो. किती उतरला त्यावरून वेग काढता येतो. हे गणित आधी कागदावर झालं. मग एकाने ते तपासायला उघड्या डब्यात तुतारी वाजवणारे बसवले, आणि रुळाशेजारी पक्क्या कानाचे गवई उभे केले.

"यंत्र नव्हतं. माणसांचे कान होते," सर सांगायचे.

एकदा त्यापुढचंही बोलले. "हा नियम मी दरवर्षी शिकवला. पोर्शन, परीक्षा, पोर्शन, परीक्षा. स्टेशन पाच मिनिटांवर. एकदाही जाऊन मोजला नाही. आता कान नाहीत."

मी म्हटलं, फोनमध्ये ॲप असतं. नाहीतर स्टॉपवॉच लावू.

"त्याने वेग कळेल. मला नियम ऐकायचाय. तुम्ही ऐका, मला सांगा."

तर मागच्या रविवारी संध्याकाळी आम्ही मांबलम स्टेशनवर. मी, सर आणि मामी.

मामी म्हणजे सरांच्या पत्नी. घरात कर्नाटक गाण्याचे क्लास घेतात. मी गावच्या भजनात पेटी वाजवलेला. म्हणजे दोन कान शास्त्रीय, दोन कान वर्कशॉपचे.

रोजची न थांबणारी एक्सप्रेस हॉर्न देत आली आणि तशीच गेली. सर गाडीकडे बघतच नव्हते. आमच्या तोंडांकडे बघत होते.

मामी म्हणाल्या, येताना पंचम धरला तर जाताना मध्यम. पूर्ण एक स्वर खाली.

मी म्हटलं, अर्धाच.

पूर्ण स्वर म्हणजे ताशी सत्तरच्या वर. अर्धा म्हणजे त्याच्या निम्मा. भर प्लॅटफॉर्मवर आमचं जुंपलं. मी म्हटलं, मामी, तुम्ही रागात बसवून ऐकता. त्या म्हणाल्या, "तू समोर आलेलं ऐकतोस. गेलेलं ऐकतच नाहीस."

सर मधे पडले. "दोन साक्षीदार, आणि न्यायाधीश बहिरा. पुढच्या रविवारी परत."

रविवार परवा आहे.

आज संध्याकाळी खाली गेलो. घरभर पाहुणे. सरांना ठेवलं होतं तिथे दिवा. दाराशीच उभा राहिलो.

मामींनी घड्याळाकडे पाहिलं. हळूच म्हणाल्या, "गाडीची वेळ झाली. जाऊन ये. ह्यावेळी शेवटपर्यंत ऐक."

गेलो.

मशीनचा आवाज बिघडला की माझा हात लगेच स्विचवर जातो. धंदा त्यावरच उभा केला. रविवारीही तेच केलं. इंजिन समोरून सरकत होतं, सूर उतरायला लागला होता, आणि मी निकाल देऊन मोकळा. सूर खाली पोचेपर्यंत थांबलोच नव्हतो.

आज डोळे मिटले. पंचम मनात धरून ठेवला. इंजिन गेलं, डबे गेले, हॉर्न पुढच्या स्टेशनच्या, कोडंबाक्कमच्या बाजूला बारीक होत गेला. तो पार विरेपर्यंत हललो नाही.

हॉर्न तोच होता. फक्त लांब जात होता.

परत आलो. मामींनी नुसती मान वर केली.

म्हटलं, "मध्यम. तुमचंच बरोबर."

"मला काय सांगतोस," त्या म्हणाल्या. "त्यांना सांग."

दिव्यासमोर बसलो. आणि सवयीने मोठ्यानेच बोललो, सरांना ऐकू जायला लागायचं तेवढं. सगळे पाहुणे वळून बघायला लागले.

"सर, पूर्ण एक स्वर! नियम बरोबर आहे!"

या आता, सर. शेवटपर्यंत ऐकलंय.