गाठ न सोडलेले बूट

त्या गृहस्थांचे नाव मी विचारले नाही; तेवढी ओळख झालीच नाही. छावणीतल्या बूटदुरुस्तीच्या दुकानात मी चप्पल शिवून घेत होतो. त्यांनी पिशवीतून पांढऱ्या स्नीकर्सचा जोड काढला आणि दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवला.

"हे ओरिजिनल हायत का डुप्लिकेट, तेवढं सांगा."

"विकायचेत का, काका?" दुकानदाराने विचारले.

"नाय. पोराचे हायत. दिवाळीनंतर वारला तो."

दुकानदार लेस सोडू लागला, तसा त्यांनी त्याचा हात हलकेच धरला. "गाठ राहू द्या. त्यानं बांधलेली हाय."

मग दुकानदाराने गाठ तशीच ठेवून टाचेची शिवण न्याहाळली, तळ वाकवून पाहिला, आतला वास घेतला. तोवर ते माझ्याकडे वळले.

"एवढे महागाचे बूट कशाला, म्हणून मी लई बोललो होतो त्याला. तर म्हणला, बाबा, डुप्लिकेट हायत, स्वस्तातले. माझ्याशी खोटं बोलला असंल तर बरं होईल. एकदा तरी मनासारखं पायात घातलं असंल त्यानं."

"डुप्लिकेटच आहेत, काका," दुकानदार खाली पाहत म्हणाला. "शिवण वाकडी गेलीय."

"व्हय? म्हंजे खरंच बोलला."

मुलगा खरे बोलला याचे दुःख झालेला बाप मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. त्यांनी रुमालाने बुटांवरचे बोटांचे ठसे पुसले आणि गाठीला धक्का लागू न देता तो जोड पुन्हा पिशवीत ठेवला.