उभ्याचा धंदा

धाकट्याचा उजवा पाय लहानपणीच्या तापात लुळा पडला, पण हात इतका हलका की झोपलेल्या माणसाची दाढी केली तरी त्याची झोप मोडू नये. वडिलांचं सलून होतं, तिथेच तो शिकला. आधी फुगलेल्या फुग्याला फेस लावून वस्तरा फिरवायचा, मग थोरल्या भावाच्या गालावर. चाळिशी आली, केस पिकायला लागले, तरी गल्लीभर त्याचं नाव धाकटाच.

वडिलांनी त्याला सगळं शिकवलं, फक्त खुर्ची दिली नाही. "हा उभ्याचा धंदा आहे बाळा," असं म्हणून ते त्याच्याकडे वस्तरे परजायला द्यायचे. त्यामागे मायाच होती. पण मायेनेही माणूस कोपऱ्यात बसतो. पुढे वडील थकले, थोरल्याने जागा मोबाइलच्या दुकानाला भाड्याने दिली, आणि धाकटा कुबडी घेऊन काम शोधायला निघाला.

पहिल्या सलूनवाल्याने कुबडी पाहिली आणि जागा कालच भरली म्हणून सांगितलं. काचेवर 'कारागीर पाहिजे'ची पाटी तशीच लटकत होती. दुसऱ्याने आपुलकीने बसवलं, पाणी दिलं, "तुम्हाला कशाला त्रास" म्हणत वाटेला लावलं. तिसरा जरा बरा निघाला. त्याने गल्ल्यावर बसायचं काम देऊ केलं, पण गल्ला होता पोटमाळ्यावर, लोखंडी शिडीने चढून जायचं. धाकट्याने शिडीकडे पाहिलं, मालकाने धाकट्याकडे पाहिलं, आणि दोघांनाही हसू फुटलं.

संध्याकाळी त्याने ही गंमत बायकोला सांगितली. ती लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालायची, घरीही तिचे हात तेच करत असायचे. ऐकता ऐकता तिने विचारलं, "अहो, गिऱ्हाईक बसलेलंच असतं ना? मग तुम्ही पण बसलात तर कुणाचं काय बिघडतं?"

धाकट्याने कपाळावर हात मारला. सलूनची खुर्ची पायाने दाबून वर-खाली होते, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. ती खाली घ्यायची आणि आपण चाकांच्या स्टुलावर बसून डोक्याभोवती फिरायचं, हे मात्र कधी सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. त्याचा एक मित्र वेल्डिंग करायचा. त्याने ऑफिसच्या मोडक्या खुर्चीच्या चाकांवर वर-खाली होणारी गोल बैठक बसवून दिली.

ते स्टूल रिक्षात घालून धाकटा चौथ्या सलूनमध्ये गेला. नवरा गेल्यावर मालकीणबाई ते एकट्या चालवत होत्या. खुर्च्या दोन, कारागीर एकच, आणि तो इतका उंच की सगळे त्याला लंबू म्हणायचे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मला त्यातलं फार कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण ती रिकामी खुर्ची रोज डोळ्यांत सलते. उद्यापासून या."

पहिली दाढी त्यांनी आपल्या भावाचीच करायला लावली. फरशी धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून जमिनीला दाराकडे उतार होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एक गाल झाला आणि स्टूल निघालं. किनारा सोडणाऱ्या होडीसारखा, वस्तरा वर धरून, धाकटा संथपणे दाराकडे चालला. "बसा हं, आलोच," एवढंच तो म्हणाला. भाऊ अर्ध्या फेसानिशी बघत राहिला, लंबूच्या हातून फणी पडली. दुसऱ्या दिवशी मित्राने चाकांना खटके लावून दिले.

खरी पंचाईत पुढे होती. त्याच्या खुर्चीत कुणी बसेचना. एरवी दारातूनच घाई करणारी माणसं आता बाकावर पेपर उघडून म्हणायची, "लंबूचं होऊ दे, मला घाई नाही." कुणी वाईट बोलत नव्हतं, हसूनच सांगत. धाकटाही हसायचा आणि पुसलेला आरसा पुन्हा पुसायचा.  एका रात्री घरी काम सोडतो म्हणाला, तेव्हा बायको म्हणाली, "सोडा. पण निदान महिना पुरा करा."

त्याच महिन्यात शिंपीकाका आले. जन्मभर मशीनवर वाकून त्यांच्या पाठीला कायमचं पोक आलं होतं. लंबू दरवेळी त्यांची हनुवटी वर ढकलायचा आणि ते कण्हायचे. त्या दुपारी बाक भरलेला होता आणि पाठ थांबू देईना, म्हणून ते नाइलाजाने धाकट्याच्या खुर्चीत टेकले. धाकट्याने स्टूल खाली घेतलं, ते पुढे सरकवलं आणि खालून वर बघत गळ्यापाशी वस्तरा चालवला. पाणी मारून झालं तेव्हा कुठे काकांना उमगलं.

"अरे, तू मान वर करा म्हणाला नाहीस."

"गरज नाही पडली काका. मी खालीच होतो."

काका तोंडाचे भलतेच मोकळे. आठवडाभर भेटेल त्याला गुळगुळीत गळा दाखवत फिरले. आधी त्यांच्या वयाचे म्हातारे आले. मग लहान मुलांच्या आया आल्या, कारण डोक्यापाशी उभ्या माणसाला बघून रडणारी पोरं समोर बसलेल्या धाकट्याशी गप्पा मारायची. हळूहळू घाई असलेलेही येऊ लागले.

एकदा दुपारच्या निवांत वेळी धाकट्याने आरशात पाहिलं, तर लंबू चोरून त्याच्या स्टुलावर बसून गुडघे चोळत होता. धाकट्याने मित्राला आणखी एक स्टूल करायला सांगितलं, जरा उंच. आता दोघंही बसून काम करतात, आणि लंबूच्या पायांना अडखळून गिऱ्हाइकं शिव्या देतात.

दाराची पायरी मात्र कित्येक महिने तशीच होती. हातभर उंच. धाकटा रोज चौकट धरून वर यायचा, उतार करून द्या म्हणायचा, आणि बाई "पुढच्या महिन्यात" म्हणायच्या. परवा सकाळी तो, शिंपीकाका आणि बाबागाडीवाली एक आई, तिघंही एकाच वेळी त्या पायरीशी अडले. आतल्याला बाहेर येता येईना, बाहेरच्याला आत जाता येईना. आत अडकलेल्या बाईंनी तिथूनच गवंड्याला फोन लावला.

उताराचं ओलं सिमेंट वाळेपर्यंत दुकान बंद. धाकट्याने स्टूल आणि एक साधी खुर्ची झाडाखाली टाकली आणि तिथेच दाढ्या सुरू केल्या. आरसा धरून लंबू उभा होता.