जुनी केलेली गल्ली

आमच्या गल्लीत अजूनही माणसं येतात. हातात मोबाइल, त्यात त्या सिनेमातलं चित्र: चढती दगडी पायवाट, दोन्हीकडे काळवंडलेल्या भिंती आणि मधून खांद्यावर क्रूस घेऊन चढणारा येशू. माणसं चित्राकडे बघतात, गल्लीकडे बघतात आणि मला विचारतात, "ही ती गल्ली नव्हे ना?" कारण समोर पांढऱ्याशुभ्र भिंती, निळ्या चौकटी आणि पायऱ्यांना हिरवागार कठडा. मी सांगते, "तीच. तक्रार असेल तर सगळ्यात वरच्या घरात काकू आहेत, त्यांच्याकडे करा." अजून कुणी वर गेलेलं नाही.

ही गोष्ट त्या काकूंच्या नवऱ्याची. अख्खी गल्ली त्यांना चुनेवाले काका म्हणते. घरं रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. कुणी नवखा विचारायचा, काका, तुम्ही काय करता? काका चेहरा सरळ ठेवून सांगायचे, "लोकांना चुना लावतो. पण आधी सांगून लावतो." भिंतीला पोपडा दिसला की त्यांची बोटं शिवशिवायची. दुसऱ्याच्या घरी चहा पिता पिता पोपडा काढायचे आणि घरमालकाला दिसू नये म्हणून खिशात टाकायचे. काकू त्यांचा सदरा धुताना म्हणायच्या, "आज कुणाची भिंत आणलीत?"

मग काकू पडल्या. नळाजवळची एक पायरी हलते, तिनं दगा दिला. गुडघा कामातून गेला. वैद्य म्हणाले चालता येईल, पण काकूंच्या मनात भीती बसली. "धरायला काही असतं तर पडले नसते. आता धरायला काही असेल तरच उतरेन." एवढं बोलून त्या पायऱ्यांच्या टोकावरच्या घरात बसल्या त्या बसल्याच. काकांनी गल्लीतली कामं सोडली. बाजार वर न्यायचा, गल्लीतल्या बातम्या वर न्यायच्या, हाच त्यांचा धंदा झाला. इकडे भिंतींना कुणी वाली उरला नाही. ओल चढली, धूर बसला, पोपडे लोंबायला लागले.

कठड्यासाठी मी कचेरीचे उंबरे झिजवले. साहेब म्हणाले, गल्ली अरुंद आहे, कठडा बसत नाही. मी म्हटलं, "एवढ्याशा खोलीत तुमची खुर्ची बसते, मग कठड्यालाच काय झालंय?" शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. काम तिथंच अडलं. माझ्या जिभेमुळे अडलं असं लोक म्हणतात. म्हणोत.

अशात सिनेमासाठी जागा शोधणाऱ्या बाई आल्या. त्यांनी आमच्या भिंतींवरून असा हात फिरवला, जसा कुणी लेकराच्या डोक्यावरून फिरवावा. "अगदी येरुशलेम!" म्हणाल्या. मी ताबडतोब पुढे झाले. भाड्याचं काय ते इतरांनी बोलावं, माझी अट एकच होती: पायथ्यापासून काकूंच्या दारापर्यंत लोखंडी कठडा. बाई कबूल झाल्या. "पण शूटिंग संपल्यावर हं. येशूच्या काळात लोखंडी कठडे नव्हते." हे मलाही पटलं.

जाता जाता बाई काकांना म्हणाल्या, "तुम्ही काही करू नका हं. गल्ली आहे तशीच राहू द्या."

आता आपल्याकडे पाहुणा "काही करू नका हं" म्हणतो तेव्हा काय करायचं असतं, ते कुणाला शिकवावं लागतं का? चहा नको म्हणणाऱ्याला आपण चहा पाजतोच ना? काकांनी माळ्यावरची रंगाची कुंची खाली काढली. चुना भिजवला, त्यात नीळ घातली, चिकटायला सरस घातला. गल्लीनं बादल्या दिल्या, शिड्या दिल्या. मीही दोन भिंती रंगवल्या, खोटं कशाला बोलू? देवाच्या सिनेमासाठी माणसं येणार आणि आपण त्यांना पोपडे दाखवायचे? काका घरी जाऊन सांगायचे, "आरशासारखी झाली गं गल्ली." काकू वरून म्हणायच्या, "मला काय, तुम्ही सांगाल ते खरं."

ठरल्या दिवशी गाड्या आल्या. बाई गल्लीच्या तोंडाशी थिजून उभ्या राहिल्या. काका नवा सदरा घालून पुढे गेले.

"कसं वाटतंय?"

"काका, हे काय केलंत?"

"दोन हात मारलेत. पाहिजे तर तिसरा मारतो."

बाईंना रडावं की हसावं ते कळेना. त्यांच्याबरोबर देखावे उभे करणारा दाढीवाला होता, तो म्हणाला, गाड्या वळवा, दुसऱ्या गावात एक जुनी वाट बघून ठेवली आहे. माझं डोकं फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत काकांनी माझा हात दाबला. त्यांचा चेहरा त्यांच्याच भिंतीसारखा पांढरा झाला होता. त्यांची नजर वरच्या घराकडे होती. गाड्या वळल्या की कठडाही वळला, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

"परत जुनी करून दिली तर?" त्यांनी विचारलं.

"जमेल?" दाढीवाला म्हणाला.

"चांगलं करण्यात जन्म गेला. बिघडवायला काय अक्कल लागते?"

लागते, हे दुपारपर्यंत कळलं. काकांनी खरवडलं, गेरू फासला, काजळीचं पाणी मारलं. पण त्यांच्या हाताला वाकडं वळणच नव्हतं. डाग एका रेषेत, सारख्या अंतरावर. दाढीवाला कळवळून म्हणाला, "काका, घाण इतकी नीटनेटकी नसते हो!"

"मग कशी असते? तुम्हीच सांगा, मी कधी केलेली नाही!" काका तडकले. कुंची आपटली आणि पायरीवर बसले. म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी आणि ते लपवायला काजळीचे हात. अख्खा चेहरा बरबटला.

तेवढ्यात वरून आवाज आला. काकू खिडकीत. "अहो, नळाकडची भिंत वरून नव्हती भिजत, खालून ओल चढायची! आणि वळणावर तेलकट पट्टा हवा. तिथं मी हात टेकत यायचे. धरायला दुसरं होतं काय?"

काका उठले. वळणावर गेले. डोळे मिटून, भिंतीवर तळवा टेकत टेकत, एखादी दमलेली बाई चढावी तसे चार पायऱ्या चढले. भिंतीवर जे उमटलं ते बघून दाढीवाला म्हणाला, "हां! असंच!" मग काकू वरून सांगत गेल्या आणि काका खाली बिघडवत गेले. "तिथं पोरं चेंडू मारायची!" "कोपऱ्यात चूल होती, विसरलात?" इतक्या वर्षांत ती दोघं एकत्र कामाला लागलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

शूटिंग सुरू झालं. येशू झालेला नट जड लाकूड घेऊन चढायला लागला. मागे रोमन शिपाई, रडणाऱ्या बायका, सगळं गंभीर. आणि वरून काकू ओरडल्या, "अरे बाळा, सावकाश! नळापाशी पायरी हलते!"

"कट!" सगळ्यांनी वर बघितलं. मी तर जमिनीत गडप व्हायला जागा शोधत होते. पण तो नट लाकूड खाली ठेवून हसायला लागला. डोक्यावरचा काट्यांचा मुकुट कपाळावर सरकला होता, तो सावरत त्यानं वर बघून हात जोडले. "आजी, आभारी आहे. मघाशी तालमीत तिथंच पाय गेला होता माझा."

पुन्हा सुरू झालं तेव्हा काकू तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. मी वर जाऊन त्यांच्या शेजारीच बसले होते. तो नळाजवळ कोसळला, उठला, पुन्हा कोसळला. काकू पुटपुटल्या, "धरायलाही काही नाही बिचाऱ्याला." आणि रडल्या.

गाड्या गेल्या. कबूल केलेल्या दिवशी कठडा आला नाही. मी पदरचं भाडं घालून त्या कंपनीच्या दारात बसायला निघाले, तर काका म्हणाले, "पुढारीणबाई, जरा दम धरा. ती बाई डोळ्यांत बघून बोलली होती." काकांचंच खरं निघालं. दोन दिवस उशिरानं वेल्डर आला. कठडा बसला, काकांनी त्याला हिरवा रंग दिला, रोज बोट लावून बघितलं आणि वाळल्यावर काकूंना म्हणाले, "चला."

काकू उतरायला लागल्या. गल्लीत जो तो उगाच काहीतरी काम करत होता, कुणी वर बघत नव्हतं. एक हात कठड्यावर, एक काकांच्या खांद्यावर. हलत्या पायरीपाशी त्या थांबल्या. कठडा गच्च धरला आणि पायरी ओलांडून खाली आल्या.

पायथ्याशी उभं राहून त्यांनी गल्ली डोळे भरून बघितली. ओल, काजळी, गेरू, तेलकट पट्टा.

"पाहुणे गेले ना?" काकूंनी विचारलं.

"गेले की."

"मग ही काय अवस्था? आणि तो पट्टा माझ्या हाताचा? इतकी तेलकट नव्हते हो मी!"

काका हसू दाबत चुना भिजवायला गेले. काकू नळाच्या कट्ट्यावर टेकल्या आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलल्या नाहीत. "वरच्या कोपऱ्यात राहिलंय," त्या सांगत होत्या, "तिथं अजून एक हात मारा."